पाणी स्वच्छ, तरी ओढा रिकामा का?

काठावरून (धागाकर्ता)

ओढ्या-नद्यांवर चर्चा निघाली की एक प्रकार हमखास घडतो. कुणीतरी बाटलीत पाणी भरून तपासायला देतं. अहवाल येतो: सामू ठीक, नायट्रेट मर्यादेत, प्राणवायू पुरेसा. मंडळी खूश. आणि त्याच ओढ्यात उतरून दगड उलटावा तर खाली लाल अळ्या आणि चार गोगलगायी, बस्स. मासे म्हणाल तर कुठल्याही डबक्यात तग धरणाऱ्या दोन-तीन जाती. अहवाल खोटा नसतो, पण तो त्या बाटलीपुरताच खरा असतो.

यावर दोन उत्तरं तयार असतात. एक, वरून कुणीतरी सांडपाणी सोडतंय. दोन, लोकांनी मासे मारून संपवले. पुष्कळदा ती बरोबरही निघतात. पण यांपैकी काहीच नसतानाही ओढे रिकामे होतात, आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की ओढ्यात कोण राहणार, हे पाण्यात काय विरघळलंय एवढ्यावर ठरत नाही. पाणी किती येतं, केव्हा येतं, किती झपाट्याने चढतं-उतरतं आणि कुठल्या जमिनीवरून येतं, यावर त्याहून जास्त ठरतं. नोएल हाइन्स या गोड्या पाण्याच्या अभ्यासकाने १९७५ मध्येच मांडलं होतं की ओढ्यावर राज्य चालतं ते त्याच्या दरीचं. पन्नास वर्षं झाली, आपण अजून ओढा म्हणजे दोन काठांमधलं पाणी असंच धरून चालतो.

घडतं काय ते बघा. झाडीच्या किंवा गवताच्या उतारावर पडलेला पाऊस बराचसा मुरतो आणि पुढे कित्येक महिने झिरपत झिरपत ओढ्याला येत राहतो. जमीन दडपली, उघडी पडली किंवा वर फरशी आणि डांबर आलं, की तोच पाऊस तासाभरात ओढ्यात उतरतो. पावसात लोंढा मोठा आणि नंतर धार बारीक, ही दोन्ही दुखणी एकाच कारणाची. लोंढा पात्र खरवडतो, काठ ढासळवतो, माती आणतो. पाणी ओसरलं की ती माती दगडांच्या फटींत बसते. पाणकिडे राहतात त्या फटींत. फट बुजली की दगड असून नसल्यासारखा. खड्यांमध्ये अंडी घालणाऱ्या माशांचंही तेच, गाळाखाली अंडी गुदमरतात.

ज्यांनी ओढे जवळून पाहिलेत त्यांनी लिहावं. विरोधही चालेल.

गढूळ

विरोध चालेल म्हणालात म्हणून लिहितो. मला हे सगळं जरा लांबचं वाटतं. सांडपाणी, कारखान्याचं पाणी, विष टाकून किंवा स्फोट करून केलेली मासेमारी, एवढी ढळढळीत कारणं समोर असताना 'प्रवाहाची लय' वगैरे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला सोडून देण्यासारखं आहे. आधी नळी बंद करा, मग तत्त्वज्ञान.

काठावरून

नळी बंद कराच, त्यात वाद नाही. पण नळी बंद केल्यावरही जीव परतले नाहीत अशी उदाहरणं आहेत, प्रश्न त्यांचा आहे.

आणि हे तत्त्वज्ञान नाही हो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या २,८८८ प्रवाहमापन ठिकाणांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या ८६ टक्के ठिकाणी कमाल किंवा किमान प्रवाह मुळापेक्षा बदललेला होता. मग मासे आणि पाणकिडे यांच्या स्थितीशी ताडून पाहिलं, तर प्रवाह घटणं हे रासायनिक घटकांपेक्षाही जास्त घट्ट जोडलेलं निघालं. जिथे प्रवाह घटला तिथे वाहत्या पाण्यातले, खड्यांवरचे जीव जाऊन संथ पाण्यातले, गाळातले जीव आले.

गढूळ

हे सहसंबंध झाले. जिथे प्रवाह घटतो तिथे माणूसही जास्त असतो, सांडपाणीही जास्त असतं. कारण कुठलं आणि जोडीला आलेलं कुठलं, ते कसं वेगळं करणार?

चतुर

गढूळ यांचा आक्षेप रास्त आहे. नुसत्या सर्वेक्षणातून ते वेगळं होत नाही, त्यासाठी प्रयोग लागतो. असे प्रयोग झालेत आणि ते फार देखणे आहेत.

अमेरिकेत कोवीटा नावाच्या जंगल-संशोधन केंद्रात ब्रूस वॉलेस आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या ओहोळावर चक्क जाळीचं छत टाकलं. पाण्याला हात लावला नाही, प्रवाहही तसाच. फक्त वरून आणि बाजूने पडणारा पालापाचोळा आत येऊ द्यायचा नाही, तोही सलग तीन वर्षं. पाचोळा कुरतडणारे किडे घसरलेच, त्यांना खाणारे शिकारी किडेही घसरले. ओहोळाचं अन्न काठावरच्या झाडावरून येतं, हे याहून उघड कसं दाखवणार? १९९७ मध्ये ते छापून आलं.

दुसरा प्रयोग जपानमधला, होक्काइदो बेटावरचा. शिगेरू नाकानो यांनी ओढ्याच्या एका टप्प्यावर हरितगृहासारखं आच्छादन घातलं, म्हणजे झाडांवरून पडणारे किडे माशांना मिळू नयेत. माशांनी मोर्चा वळवला पाण्यातल्या किड्यांकडे. ते किडे कमी झाले, आणि ते ज्या शेवाळावर चरत होते ते शेवाळ वाढलं. झाडं तोडल्यावर दगड हिरवे-बुळबुळीत झालेले दिसतात तेव्हा आपण ऊन आणि खत एवढाच विचार करतो. माशाच्या तोंडून जाणारी ही वाट डोक्यात येत नाही.

नाकानो यांच्याच पुढच्या अभ्यासात वर्षभराचा हिशेब आहे: माशांच्या ऊर्जेतला सुमारे ४४ टक्के वाटा जमिनीवरच्या किड्यांकडून, आणि काठच्या जंगलातल्या पक्ष्यांच्या ऊर्जेतला सुमारे २६ टक्के वाटा पाण्यातून उडालेल्या किड्यांकडून. आता काठ कुठे संपतो आणि ओढा कुठे सुरू होतो, सांगा.

मृदा

वाचतेय. चतुर, छतवाला प्रयोग माहीत नव्हता, भारीच.

सांडवा

मी धरणातून पाणी सोडण्याच्या बाजूचा माणूस आहे, म्हणजे धागाकर्त्याच्या हिशेबात आरोपीच. :) आमच्याकडे 'पर्यावरणीय प्रवाह' म्हणून एक आकडा येतो: इतकं पाणी बारा महिने सोडत राहा. तो पाळला जातो. मग अजून काय हवं, हे मला प्रामाणिकपणे समजून घ्यायचंय.

काठावरून

आरोपी कुणी नाही हो. आणि प्रश्न नेमका आहे.

आकड्यांची ही परंपरा बरीचशी डोनाल्ड टेनंट यांच्या १९७६च्या पद्धतीकडे जाते. वार्षिक सरासरीच्या १० टक्के प्रवाह म्हणजे कसाबसा जीव तगेल, ३० टक्के म्हणजे बरं, ६० टक्के म्हणजे उत्तम, अशी ती ढोबळ मांडणी. काहीच नव्हतं तेव्हा हे फार मोठं पाऊल होतं. गोची अशी की त्यातला सर्वांत खालचा आकडा पुष्कळ ठिकाणी ध्येय होऊन बसला.

१९९७ मध्ये लेरॉय पॉफ आणि इतरांनी नैसर्गिक प्रवाहाचे पाच पैलू मांडले: पाणी किती, किती वेळा, किती काळ, केव्हा, आणि बदल किती वेगाने. बारमाही एकच आकडा यांतला जेमतेम पहिला पैलू सांभाळतो. अनेक माशांना अंडी घालायची वेळ कळते ती पाणी चढण्यावरून आणि तापमानावरून. पिल्लं पहिले दिवस काठच्या उथळ, संथ पाण्यात काढतात. पाणी एकदम वाढलं की ती वाहून जातात, एकदम उतरलं की काठावर अडकतात. मोठ्या पुराने खडे उलटेपालटे होऊन गाळ धुतला जातो, तो पूरच आला नाही तर खड्यांचा थर घट्ट बसतो. शिवाय मोठ्या जलाशयाच्या तळातून सोडलेलं पाणी ऐन उन्हाळ्यात गारठलेलं असतं. मासा जिवंत राहतो, पण अंडी घालायला पाणी हवं तेवढं तापतच नाही.

बदलाच्या वेगाबद्दल सर्वांत बोलकं उदाहरण कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचं. विजेची मागणी असेल तसं पाणी सोडायचं, त्यामुळे खाली दिवसभरात पाणी वर-खाली. तिथे मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय हे पाणकिड्यांचे गट (चांगल्या ओढ्याची खूणच) जवळजवळ गायब. २०१६च्या अभ्यासात कारण पुढे आलं ते असं: यांतले बरेच किडे पाण्याच्या कडेला, दगडाला अंडी चिकटवतात. अंडी घातली तेव्हा कड वर होती, काही तासांनी पाणी उतरलं, अंडी उघडी पडून वाळली. रासायनिक दोष काहीच नाही, एकूण पाणीही कमी नाही.

उपायही साधा निघाला. २०१८ पासून काही वर्षी मे ते ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी पाणी कमी आणि स्थिर ठेवून पाहिलं. त्या दोन दिवसांत अंडी खालच्या पातळीवर पडतात, सोमवारी पाणी चढलं तरी ती पाण्याखालीच राहतात. विजेची मागणी शनिवार-रविवारी तशीही कमी असते.

सांडवा

हे आवडलं. म्हणजे जास्त पाणी मागत नाही आहात, वेळापत्रक मागताय. यावर आमच्या लोकांशी बोलता येईल. 'आणखी पाणी सोडा' म्हटलं की चर्चा तिथेच संपते.

काठावरून

काही ठिकाणी जास्त पाणीही मागावं लागेलच. :)

बांधावरून

शेती करतो. अशा चर्चेत शेवटी सगळं खापर शेतावर फुटतं, म्हणून आधीच हजेरी लावतो.

नांगरणीचं, मातीचं मान्य. पण उतारावर आडवी नांगरट, बांधावर गवत, पिकानंतर जमीन झाकलेली ठेवणं हे शेतकरी करतात, कारण माती गेली की पहिलं नुकसान त्यांचंच. आता मला सांगा, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना तीस मीटर पट्टा सोडा असं जे सांगितलं जातं ते कुठून आलं? लहान जमीनवाल्याचं अर्धं रान त्यात जाईल.

मृदा

तीस मीटरचा आकडा मुख्यतः स्वीनी आणि न्यूबोल्ड यांच्या २०१४च्या आढाव्यातून प्रसिद्ध झाला. छोट्या ओढ्यांसाठी गाळ, नायट्रोजन, तापमान, पाण्यातली लाकडं, किडे आणि मासे असं सगळं एकत्र राखायचं तर किमान एवढी झाडी हवी, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे त्याहून अरुंद पट्टा निरुपयोगी असं नाही. सावलीपुरतं पाहिलं तर लहान ओहोळाला थोडी झाडंही पुरतात. आणि सावली ही चैनीची गोष्ट नव्हे: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. पाणी तापलं की माशाची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच पुरवठा घटतो.

पण बांधावरून, तुमच्या बाजूने एक मुद्दा. जिथे जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकलेत तिथे काठावर कितीही रुंद पट्टा ठेवा, नायट्रेट त्या पट्ट्याच्या खालून थेट ओढ्यात जातं. मग पट्ट्यासाठी जमीन गेली आणि फायदा अर्धाच. अशा ठिकाणी पाइपाचं तोंड ओढ्याऐवजी एखाद्या छोट्या पाणथळीत सोडणं जास्त कामाचं.

सगळीकडे एकच मोजपट्टी लावू नये, एवढंच. उतार, माती, पाणी कुठल्या वाटेने जातं, हे बघून पट्टा कुठे रुंद आणि कुठे अरुंद ते ठरवता येतं.

बांधावरून

हे पटण्यासारखं आहे. धन्यवाद मृदाताई. गुरांचं काय? ती तर पाण्यावर जाणारच.

मृदा

जाऊ देत की, एका ठिकाणाहून. दगड टाकून टणक केलेली एक उतरण द्यायची, बाकी काठाला कुंपण. काठ ढासळतो तो गुरं जागोजागी चढउतार करतात म्हणून.

जुनंखोड

काठाच्या पट्ट्यांवर एवढी श्रद्धा बघून थोडं विरजण घालतो.

उत्तर कॅरोलायनामधल्या ओढ्यांवर हार्डिंग आणि सहकाऱ्यांचा १९९८चा अभ्यास आहे. मासे आणि पाणकिडे यांची आजची विविधता कशावरून सांगता येते, हे त्यांना पाहायचं होतं. १९९०च्या दशकातल्या काठावरच्या झाडीवरून? नाही. १९९०च्या दशकातल्या संपूर्ण पाणलोटातल्या जमीनवापरावरून? तेही नीट नाही. सगळ्यांत चांगला अंदाज आला १९५०च्या दशकातल्या पाणलोटाच्या जमीनवापरावरून. म्हणजे मधल्या काळात शेतं पडीक होऊन जंगल परत आलं, डोळ्यांना सगळं हिरवंगार दिसतंय, आणि ओढ्यात अजून शेताच्या काळचेच जीव. अभ्यासकांनी त्याला 'गतकाळच्या जमीनवापराचं भूत' म्हटलं.

हे भूत राहतं कुठे? पात्रात आणि पूरमैदानात. उतारावरून सुटलेली माती लगेच समुद्राला जात नाही. ती दरीच्या तळाला साठते आणि पुढचे प्रत्येक पूर त्यातला थोडा थोडा वाटा पुन्हा उचलत राहतात. पेनसिल्व्हेनियात आणि आसपास जुन्या पाणचक्क्यांच्या बंधाऱ्यांमागे अशी कित्येक फूट माती साचली होती. बंधारे फुटले, ओढ्याने त्या मातीतून खोल घळ कोरली. आज जे उंच, उभे काठ दिसतात त्यांना लोक 'नैसर्गिक' समजतात. २००८ मध्ये वॉल्टर आणि मेरिट्स यांनी हे मांडलं तेव्हा नद्यांच्या आकाराबद्दलचं पाठ्यपुस्तकी चित्रच हललं.

दुसरं कारण जीवांच्या बाजूचं. जागा सुधारली तरी परत येणार कोण आणि कुठून? स्टोनफ्लाय फार दूर उडत नाहीत. शेजारच्या ओढ्यात त्यांची वस्तीच उरली नसेल तर तुमचा सुधारलेला ओढा रिकामाच राहील.

गढूळ

मग करायचं काय? सत्तर वर्षांपूर्वीची नांगरट आता थोडीच मागे घेता येते.

जुनंखोड

मागे घेता येत नाही, म्हणूनच जिथे अजून चांगलं आहे ते आधी वाचवायचं. बिघडलेला कोपरा सजवण्यापेक्षा उगमाकडचा एखादा धड ओहोळ सांभाळणं कितीतरी स्वस्त पडतं, आणि पुढे तिथूनच जीव खाली पसरतात. आपल्याकडे निधी मात्र नेमका उलटा जातो: जिथे लोकांना दिसेल तिथे.

चतुर

+१. सजावटीवरून आठवलं. पात्रात दगड मांडणं, वळणं परत घालणं, लाकडं टाकणं अशा ७८ प्रकल्पांचा मार्गारेट पामर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये आढावा घेतला. किड्यांची विविधता खात्रीने वाढली म्हणता येईल असे निघाले दोन. दोनच! जागा विविध केली, पण वरून येणारा लोंढा, गाळ आणि रस्त्यांवरचं मीठ-तेल तसंच राहिलं.

सांडवा

म्हणजे पात्रात काही करूच नये?

चतुर

अडथळा काढणं वेगळं. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली आणि शतकभर बंद असलेल्या वरच्या टप्प्यात सामन मासे (समुद्रातून नदीत अंडी घालायला येणारे) पुन्हा पोचले. तिथे वरचं पाणलोट बरंचसं राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे शाबूत होतं, हे विसरू नका. नुसतं धरण पाडून ते झालं नसतं.

डांबर

शहराचं कुणी बोलेना, म्हणून मी.

शहरी ओढ्यांच्या दुखण्याला अभ्यासकांनी २००५ च्या सुमारास 'शहरी ओढ्याचा लक्षणसमूह' असं नावच दिलं: क्षणात चढणारं पाणी, रुंदावलेलं पात्र, जास्त पोषकद्रव्यं, आणि चिवट जीवांचंच राज्य. पूर्वी म्हणत, पाणलोटाचा १० टक्के भाग फरसबंद झाला की ओढा बिघडायला लागतो. मग नियोजनवाले ९ टक्क्यांपर्यंत निर्धास्त. मेरीलँडमधल्या ओढ्यांवरच्या २०११च्या अभ्यासात मात्र नाजूक पाणकिड्यांची घसरण अर्धा ते दोन टक्क्यांतच सुरू झालेली दिसली. म्हणजे सुरक्षित मर्यादा अशी काही नाहीच, असं म्हणायला हरकत नाही.

पण क्रिस वॉल्श यांनी मेलबर्नच्या ओढ्यांवर जे दाखवलं ते मला जास्त उपयोगी वाटतं. किती फरसबंदी यापेक्षा ती नाल्याने ओढ्याला थेट जोडलेली आहे का, हे महत्त्वाचं. तेच छपराचं पाणी टाकीत किंवा बागेत जिरवलं तर तेवढं छप्पर ओढ्याच्या दृष्टीने जवळपास नसल्यासारखंच. छप्पर पाडता येत नाही, पण नळ वळवता येतो.

आणि रसायनांचा दोष नसतोच म्हणाल तर तसंही नाही. सिएटलच्या परिसरातल्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन पहिल्या पावसानंतर अंडी घालण्याआधीच मरून पडायचे. वर्षानुवर्षं कोडं होतं. २०२० मध्ये उलगडा झाला: टायर टिकावा म्हणून रबरात घालतात त्या द्रव्याची ओझोनशी क्रिया होऊन ६पीपीडी-क्विनोन बनतं, आणि रस्त्यावरून धुऊन आलेला त्याचा अगदी थोडा अंशही कोहोला पुरतो. नेहमीच्या तपासणीत कुणी ते शोधतच नव्हतं.

गढूळ

हे बघा! शेवटी विषच निघालं.

डांबर

विष खरंच. पण ते ओढ्यापर्यंत आणलं कुणी? मुरायला जागा न ठेवणाऱ्या रस्त्याने. तेच पाणी मातीच्या थरातून गाळून सोडलं तर सामन वाचतात, हेही प्रयोगांत दिसलंय. म्हणजे भांडण आपलं नाहीच. :)

अनवट

बाळबोध प्रश्न. जे ओढे उन्हाळ्यात आटतातच, ते यात कुठे बसतात? त्यांत तसंही काही नसणार ना?

चतुर

अजिबात बाळबोध नाही. जगातल्या नद्या-ओढ्यांच्या लांबीपैकी ५१ ते ६० टक्के भागात वर्षातून किमान एक दिवस प्रवाह थांबतो, असा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. बारमाही ओढा हाच अपवाद म्हणायचा!

आटणाऱ्या ओढ्याचे जीव त्या आटण्याला सरावलेले असतात. काही किडे अंडी किंवा अळीच्या रूपात ओल्या खड्यांखाली, पात्राच्या पोटात दडून बसतात. काही उडून जातात. मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात आणि पहिल्या पावसाला तिथून पसरतात. ॲरिझोनाच्या ओढ्यांत एक मोठा पाणढेकूण आहे, त्याला उडता येत नाही. जोराचा पाऊस सुरू झाला की तो लोंढा यायच्या आधीच पाण्याबाहेर पडून काठ चढतो. पुराची वेळ या जीवांच्या हाडीमाशी किती भिनलीय बघा. (किड्याला हाडं नसतात, माहितीये.)

म्हणून आटणं हा दोष नाही, पण बारमाही ओढा आटू लागणं हा मोठाच. आणि आटत्या ओढ्यातला शेवटचा डोह पंपाने उपसणं सर्वांत वाईट. तो डोह म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं.

मृदा

भूजलाचा उपसा इथेच येतो. अमेरिकेच्या मैदानी भागात ओगलाला भूजलसाठ्याचा उपसा इतका झाला की १९५० ते २०१० दरम्यान अभ्यासलेल्या क्षेत्रात ५५८ किलोमीटर लांबीचे प्रवाह संपले, आणि मोठ्या वाहत्या पाण्याचे मासे जाऊन छोट्या ओहोळांतले मासे त्यांच्या जागी आले. ओढ्यातून कुणी थेंबभरही उचललं नसेल, तरी विहिरींनी ओढा खालून पिऊन टाकला.

अनवट

बाप रे. बरं, मग घरच्या घरी, म्हणजे शाळेतल्या मुलांना घेऊन ओढा तपासायचा तर?

चतुर

पांढरा पसरट ट्रे, बारीक जाळी आणि भिंग, एवढ्यावर भागतं. उथळ खळाळात जाळी उभी धरायची, वरच्या बाजूचे दगड पायाने घोळायचे, जे वाहून येईल ते ट्रेमध्ये. टोकाला बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या बाजूंना कल्ले ती मेफ्लायची अळी. दोनच शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय. खड्यांचं किंवा काड्यांचं घर अंगावर बाळगणारी ती कॅडिसफ्लाय, तिचे काही भाऊबंद घर न करता प्रवाहात जाळं विणतात. हे तीन गट भरपूर तर ओढा बरा. नुसत्या लाल अळ्या असतील तर त्या रंगाचं कारण हिमोग्लोबिन. प्राणवायू कमी असला तरी त्या तगतात, म्हणून शेवटपर्यंत उरतात.

जाता जाता, ट्रेमधलं पाणी तापू लागलं की स्टोनफ्लायच्या अळ्या जोर काढायला लागतात, अक्षरशः. अंग वर-खाली करून कल्ल्यांवरून पाणी खेळवतात. मुलांना ते फार आवडतं, पण ते गुदमरल्याचं लक्षण आहे. लगेच सोडून द्या.

एक पथ्य: तुलना करायची तर ऋतू तोच आणि जागाही त्याच प्रकारची. खळाळातला नमुना डोहातल्या नमुन्याशी ताडू नका, आणि पुरानंतर लगेच तर नकोच.

जुनंखोड

शिंपले सापडले तर त्यांचं वयही बघायला शिकवा. युरोपातला गोड्या पाण्याचा मोती-शिंपला शंभर वर्षांहून जास्त जगतो. कित्येक नद्यांत तो आजही आहे, पण सगळे म्हातारे. पिल्लं नाहीत, कारण पिल्लांना पहिली काही वर्षं खड्यांच्या फटींत, स्वच्छ पाण्याच्या झुळझुळीत काढावी लागतात आणि फटी गाळाने बुजल्यात. शिवाय त्यांच्या अळ्या माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासा खालीच अडला की शिंपलाही अडला. यादीत 'शिंपले: आहेत' असं लिहिलं जातं आणि प्रजाती तर संपायला टेकलेली असते.

बांधावरून

मासा खालीच अडण्यावरून विचारतो. आमच्या वाटेवर ओढ्याला मोरी आहे. पाइपाचं तोंड खालच्या बाजूला पाण्यापासून वीतभर वर लटकतं. एवढ्याने अडतो का मासा?

सांडवा

हे माझ्या धंद्यातलं, मी सांगतो. सामनसारखा मासा उडी मारेल, पण ओढ्यातले बहुतेक छोटे मासे वीतभर सोडा, चार बोटंही चढत नाहीत. आणि चढला तरी आत पाइपात पाणी पातळ आणि वेगवान, मध्ये थांबायला दगड नाही. पाइप बसवताना बहुधा बरोबर पातळीवर असतो. अरुंद पाइपातून पाणी जोरात बाहेर पडतं, खालचं पात्र खोदलं जातं आणि पाइप लटकतो.

पुढच्या दुरुस्तीला पाइप मोठा, ओढ्याच्या रुंदीएवढा घ्या आणि त्याचा तळ पात्राच्या खाली गाडा, म्हणजे आत खडे-वाळू साचून ओढ्याचाच तळ तयार होईल. तोवर खालच्या बाजूला दगडांची उतरती रांग रचून पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत चढवता येतं. दगड मोठे घ्या, एकमेकांत अडकवून बसवा, नाहीतर पहिल्याच पुरात जातील. मोरीचा फोटो टाकता आला तर किती उंची भरून काढायची ते सांगतो.